मोठी केलीस गं, पण मोठी झाली नाहीत

कोल्हापूर,
२२ ऑगस्ट

प्रिय शैला,

तुला उत्तर द्यायला दीड महिना लागला. कामात होते असं लिहिणार होते, पण तू ओळखशीलच. राग आला होता. जुलैच्या सुरुवातीला गुऱ्हाळाच्या तीन चित्रांचे फोटो तुला पाठवले, शिडीवरून उतरून, घामाघूम, कौतुकाची वाट बघत; आणि तुझं एका ओळीचं उत्तर आलं, ‘मोठी केलीस गं, पण मोठी झाली नाहीत.’ फोन उपडा ठेवला तो रात्रीपर्यंत उचलला नाही. ह्यांनी विचारलं काय झालं, तर म्हटलं, सावंतवाडीला पाऊस फार आहे.

फोनवर बोलले असते तर भांडणच झालं असतं. म्हणून कागद घेतलाय.

जागा तू पाहिलेली नाहीस, तेव्हा आधी तेच सांगते. घरातल्या पुढच्या खोलीत सात फुटांचं काही उभं करायचं तर पंखा काढावा लागतो. म्हणून वडणग्याच्या बाजूला एक गुऱ्हाळ भाड्यानं घेतलं. हंगाम संपला की गुऱ्हाळं रिकामीच पडलेली असतात. मालक म्हणाले, दसऱ्यापर्यंत खुशाल वापरा, मग आमचा घाणा चालू होणार. वर पत्रे, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू सताड उघडी आणि समोर ऊस. मधोमध थंड चुलवाण, भिंतीला टेकवून ठेवलेली, रस उकळायची भलीमोठी काहील, कोपऱ्यात चिपाडांचा ढीग आणि त्या ढिगात व्यालेली मांजर. वास अजून गुळाचाच येतो. टर्पेंटाइन आणि जुना गूळ एकत्र हुंगून बघ एकदा, डोकं दुखतं पण भूकही लागते.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनाची तारीख जानेवारीतली आहे. अर्ज भरला तेव्हा आमचा पोरगा दहावीला होता, आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इतकी वर्षं थांबून मिळणार एक आठवडा, मंगळवार ते सोमवार. पण माझी खरी मुदत जानेवारी नाहीच, दसरा आहे. एकदा चुलवाण पेटलं की धूर, काजळी, माणसं, ट्रॅक्टर; तिथं ओलं तैलचित्र ठेवणं म्हणजे माश्यांना आमंत्रण.

आणि ओलं ते इथं ओलंच राहतं. आपल्याला कॉलेजात कुणी नीट समजावलं नव्हतं बघ, जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. हवा गार आणि दमट असली की ते बसतं रुसून. तपकिरी बर्न्ट अंबर तेवढा शहाणा. त्यात मँगनीज असतं, म्हणून भर पावसातही तो दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो. काळा मात्र आठवडा-आठवडा चिकट. त्यात मी एक दीडशहाणपणा केला. चुलवाणाच्या तोंडाशी जमलेली काजळी खरवडून घेतली. म्हटलं, गुऱ्हाळाच्या चित्रात गुऱ्हाळाचाच काळा, किती छान! दिवसभर काचेवर तेलात घोटली. ती इतकी हलकी की फुंकर लागली तरी नाकात. रंग सुंदर आला, निळसर, खोल. चौदा दिवसांनी बोट लावलं तर बोट काळं. एकविसाव्या दिवशीही काळं. शेवटी सगळा भाग चिंध्यांनी पुसून काढला, ब्लाऊज आणि एक चादर वाया गेली. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात लिहायला मात्र हे फार भारी वाटलं असतं, नाही? म्हणूनच बरं झालं पुसलं ते.

कॅनव्हास पण या हवेत ढिले पडतात. सुताराकडून फ्रेमच्या कोपऱ्यांना पाचरी करून घेतल्यात, रोज सकाळी हातोडीनं एकेक टोला. त्याआधी फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची, हा माझा देवपूजेसारखा नेम झालाय. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आज ३६ आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले अशी बातमी आली की मी आणि मालकांचा गडी मिळून चित्रं चुलवाणाच्या कट्ट्यावर चढवतो. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा या कट्ट्याचं काय झालं असेल ते मी विचारत नाही आणि मालक सांगत नाहीत.

आता तुझ्या त्या ओळीबद्दल.

अप्पा थिएटरचे बॅनर रंगवायचे ते तुला आठवतंय. त्यांचं सगळं काम ‘ग्राफ’वर. पोस्टकार्डाएवढ्या फोटोवर पेन्सिलीनं चौकटी, तितक्याच चौकटी वीस फुटांच्या कापडावर खडूच्या दोरीनं, आणि मग चौकट बघून चौकट भरायची. दोरीचं एक टोक मी धरायची, दुसरं ते, आणि मधून ते टचकन दोरी सोडायचे. त्या आवाजाची मला अजून सवय आहे. तेव्हा पहिली तीन चित्रं मी तशीच केली. गेल्या हंगामात काढलेली बारा बाय अठरा इंचांची स्केचेस, त्यावर ग्राफ, आणि सात बाय दहा फुटांच्या कॅनव्हासवर चौकटी. हात बसलेला आहे, आठवड्यात एक आखून व्हायचं. आणि तू म्हणतेस तसंच झालं होतं. स्केच फुगवलं होतं, बाकी काही नाही. इंचभर पुसट धूर दोन हात लांब झाला, पण धूर म्हणून त्याला काहीच नवं सुचलं नव्हतं. स्केचमध्ये जी कोरी जागा बोलत होती ती कॅनव्हासवर नुसती रिकामी भिंत.

हे मला तुझ्या मेसेजनंतर लगेच कळलं असं समजू नकोस. आधी तुला मनात बरंच बोलून घेतलं. म्हटलं, हिला काय, एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे गठ्ठे तपासून तपासून चित्राला मार्क द्यायची सवय लागलीय. (हे वाचून हसलीस ना? नसशील तर माफ कर.) मग एका दुपारी पावसानं उघडीप दिली, चहाचा पेला घेऊन मी उसाच्या बांधावर गेले आणि तिथून चित्रांकडे वळून बघितलं. साठेक फूट लांब असेन. तिथून तिन्ही चित्रं झकास दिसत होती! तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. अप्पासुद्धा चहा घेऊन रस्त्याच्या पलीकडे जायचे आणि तिथूनच बघायचे. त्यांचा बॅनर रस्त्यापलीकडच्या माणसासाठी होता. जवळ गेलं की नायिकेच्या गालावर हिरवे-निळे पट्टे, आणि ते तसेच असायला हवेत. मी गॅलरीसाठी करतेय, माणूस सहा फुटांवर उभा राहणार, आणि मी त्याला रस्त्यापलीकडची चित्रं दाखवतेय.

आणखी एक आठवलं. अप्पा डोळे कधी ग्राफवर करत नसत. त्या दोन चौकटी रिकाम्या ठेवायचे, सगळं झालं की दोरीच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसायचे आणि मग डोळे. मी विचारलं की म्हणायचे, ‘ते मोजून येत नाहीत.’ इतकी वर्षं मला ती त्यांची ऐट वाटायची.

मग मी काहील मोजली. टेप घेऊन, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, साडेआठ फूट भरली. माझा कॅनव्हास सात फूट उंच. म्हणजे खऱ्या मापाची काहील त्यावर मावतच नाही, वरखाली कापली जाते. मी ठरवलं, कापली जाऊ दे. चौथ्या चित्राला स्केच नाही, ग्राफ नाही. कॅनव्हास जमिनीवर आडवा टाकला, मधोमध एका दगडाला सुतळी बांधली, तिच्या टोकाला कोळसा, आणि गवंडी विहिरीचा घेर आखतो तशी फिरले. कडेला जाईल तिथं कोळसा कॅनव्हास सोडून खाली फरशीवर उतरत होता आणि पलीकडून पुन्हा वर चढत होता. त्या फरशीवरच्या रेघा मी अजून पुसलेल्या नाहीत.

या चित्रात माणूस नाही, चूल नाही, उसाचा ढीग नाही. नुसता उकळता रस, वरून बघितलेला, गूळ शिजवणारा गुळव्या जिथं उभा राहून बघतो तिथून. रंगांचे बारीक-बारीक थर देत गेले: आधी हिरवट राखाडी, कच्च्या रसाचा, त्यावर रॉ सिएना, मग बर्न्ट सिएना तेलात पातळ करून. वाफेनं मात्र रडवलं. टायटॅनियम पांढरा लावला की वाफेचा चुना होतो, मागचं सगळं बंद. झिंक घ्यावा तर तो पारदर्शक खरा, पण वाळल्यावर कडक होतो आणि तडकतो. शेवटी टायटॅनियमच, पण ब्रश जवळजवळ कोरडा करून नुसता घासला, कॅनव्हासच्या दाण्यावर अडकेल तेवढाच. खांदा भरून आला. पण सहा फुटांवर उभं राहिलं की चेहऱ्यावर गरम लागतंय असं मला तरी वाटतं.

गेल्या आठवड्यात मालकांचे गुळव्या सहज डोकावले. सत्तरीचे असतील. आधीच्या तीन चित्रांसमोरून ते ‘छान हाय, छान हाय’ करत पुढे गेले. त्यात त्यांचाच चेहरा आहे, तोही त्यांनी ओझरता बघितला. चौथ्यासमोर थांबले. हात मागे बांधून बराच वेळ उभे. मग म्हणाले, ‘बाई, मळी निघालीय बरुबर, पण ह्यो अजून उतरायचा न्हाई. पाणी हाय ह्यात. पाक जवळ आला की बुडबुडा जड हुतो, दमानं फुटतो. ह्यो तुमचा घाईत हाय.’

शैला, मी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. तासभर बसवून घेतलं. भेंडीचं पाणी कधी घालायचं, चुना किती, ताटलीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटांनी गोळी कशी करून बघतात, सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. माझ्या रसाला त्यांनी नापास केलं, पण रस म्हणून नापास केलं! तीन चित्रांना ‘छान’ आणि एकाला ‘पाणी आहे’, यातलं कोणतं मी उराशी धरून झोपले असेन ते तुला सांगायला नको.

तेव्हापासून बुडबुडे पुन्हा रंगवतेय. पहिल्या तिघांपैकी दोन चित्रं खरवडून कॅनव्हास नव्यानं तयार केलेत. तिसरं ठेवलंय, कारण त्यात गुळव्यांच्या हाताचा एक तुकडा बरा उतरलाय, आणि दुसरं म्हणजे सगळंच खरवडायची माझी छाती झाली नाही. एक अडचण अजून सुटत नाही. चित्र जमिनीवर असेपर्यंत रस रस असतो. भिंतीला उभं केलं की डोळा म्हणतो, हा सांडत का नाही? कधी हे बरं वाटतं, थोडं भीतिदायक, कधी नुसती चूक वाटते. यावर तुझं मत हवंय, तेही मेसेजवर नको.

न्यायचं कसं ते ठरलंय. फ्रेमचे नट-बोल्ट सोडून पट्ट्या वेगळ्या, आणि कॅनव्हास जाड पीव्हीसी पाइपावर गुंडाळून, रंगाची बाजू बाहेर ठेवून. लोकांना उलटं वाटतं, पण रंग आत गेला की तो दबून सुरकुततो. गुंडाळायचं म्हणून थर जाड देता येत नाही, सुरीनं रंग थापायचा माझा आवडता उद्योग यंदा बंद. सुरुवातीला याचीही चिडचिड झाली. मग केशवराव भोसले नाट्यगृहाची आठवण झाली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मीही त्या गर्दीत उभी होते, वर छप्पर नव्हतं. अप्पा नेहमी सांगायचे की या गावात मोठं चित्र म्हणजे नाटकाचा पडदा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले तेव्हापासूनचं हे. राजवाडा, जंगल, रस्ता, एकेक पडदा भिंतीएवढा. खेळ संपला की गुंडाळायचा, बैलगाडीत घालायचा, पुढच्या गावाला उघडायचा. तेव्हा मी पाइपाबद्दल कुरकुर करणं बंद केलं.

आता कामाचं. गौरी-गणपतीत तू हलणार नाहीस हे मला माहीत आहे, बोलावतही नाही. पण विसर्जन झालं की दोन दिवसांची रजा काढ आणि आंबोलीमार्गे एसटीनं ये. दसऱ्याआधी हं, नाहीतर तुला चित्रांऐवजी गूळ बघावा लागेल. जुनी चप्पल घाल, बांधावर घोट्यापर्यंत चिखल आहे. स्टँडवर मी स्कूटी घेऊन येते. गुऱ्हाळात मी तुझ्याबरोबर आत येणार नाही, बाहेर मांजरीपाशी बसेन. आधी सहा फुटांवरून बघ, मग पाहिजे तर बांधावर जा. आणि त्या खेपेसारखं एका ओळीत सांगून मोकळी होऊ नकोस, चांगलं तासभर भांड.

येताना तुझ्याकडचा तो चार इंची सपाट ब्रश आण, डुकराच्या केसांचा, कॉलेजात माझ्याकडून नेलेला. मी विसरलेले नाही.

तुझी,
मंदा

ता. क. मांजरीला तीन पिल्लं आहेत. एक राखाडी आहे, अगदी कच्च्या रसाच्या रंगाचं. तुझ्यासाठी सांगून ठेवलंय.