बारा, तीन, सत्तर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘रिकामपणचे प्रश्न’ हा लेख वाचला. ‘तुला दिसणारा लाल आणि मला दिसणारा लाल एकच कशावरून?’ हा प्रश्न लेखकमहाशयांनी चार ओळींत निकालात काढला आहे. सिग्नलच्या लाल दिव्याला सगळे थांबतात, म्हणजे सगळ्यांना तो सारखाच दिसतो, संपला विषय! शैली खुसखुशीत आहे, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. लाल दिव्याला मीही थांबतो. वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं, एवढं मला पाठ आहे. माझ्या थांबण्यावरून मला काय दिसतं हे त्यांनी कसं ओळखलं, ते तेवढं कळवावं.

मी रंगांध आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत मला याचा पत्ता नव्हता. एका सरकारी नोकरीची लेखी आणि तोंडी परीक्षा पार पडली होती, घरी पेढेसुद्धा वाटून झाले होते. राहिली होती ती फक्त वैद्यकीय तपासणी. तिथे ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक समोर धरतात. माझ्या आधीचा मुलगा घडाघडा आकडे सांगून गेला: बारा, आठ, एकोणतीस. माझी पाळी आली. मला दिसले बारा, तीन, सत्तर. अंदाजपंचे नव्हे, चांगले ठसठशीत दिसले. मला वाटलं, मधल्या मधे पुस्तक बदललं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि ‘अनफिट’ म्हणून सांगितलं. मी विचारलं, “साहेब, पण मला सत्तर दिसतोय, तो आला कुठून?” साहेब म्हणाले, “नेक्स्ट!”

नोकरी गेली त्याचं मला फारसं काही नाही. नियम योग्यच होता. माझ्या दिव्यांच्या ज्ञानावर दुसऱ्यांचे जीव कशाला टांगायचे? राग आहे तो त्या ‘नेक्स्ट’चा. पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी (पहिली आवृत्ती 1917 ची) ती पानं मुद्दामच तशी रचली होती. त्या पानावर एकोणतीसही असतो आणि सत्तरही. तुमच्या डोळ्यांना तांबड्या-हिरव्यातला फरक आधी जाणवतो, म्हणून सत्तर तुम्हाला दिसत नाही. म्हणजे मी काही नसलेलं पाहत नव्हतो. एवढंच सांगायला साहेबांना अर्धा मिनिट लागला असता.

अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टनही आमच्यातलाच. इतरांना गुलाबी दिसणारं जेरेनियमचं फूल आपल्याला दिवसा आकाशी दिसतं, हे त्याच्या ध्यानात आलं ते पंचविशी उलटल्यावर. त्याने प्रश्न सोडला नाही. 1794 मध्ये मँचेस्टरला त्यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार असा त्याचा तर्क होता, म्हणून मेल्यावर डोळे उघडून बघा असं सांगून ठेवलं. 1844 मध्ये तो गेला, डोळे तपासले, तर द्रव स्वच्छ! जपून ठेवलेल्या त्याच डोळ्यातून 1995 मध्ये डीएनए काढला तेव्हा खरं कारण सापडलं. हिरव्याला प्रतिसाद देणारं रंगद्रव्यच त्याच्याकडे नव्हतं. रिकामपणचा प्रश्न, नाही का?

आणि ज्यांना एकोणतीस दिसतो त्यांनीही फार खूश होऊ नये. त्या पुस्तकाने एवढंच कळतं की दोन रंग तुम्हाला वेगळे दिसतात. ते कसे दिसतात, हे त्यातून कळत नाही. लेखकांचा लाल आणि त्यांच्या सौभाग्यवतींचा लाल एकच आहे याची पावती जगातला कुठलाही डॉक्टर देणार नाही. ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ अशी म्हणही लेखकांनी ठोकून दिली आहे. कांकण हिरवं की तपकिरी, ते मला आरसा लावूनही कळत नाही. बायको सांगते, मी मान डोलावतो.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने एका रंगांध मुलाला एडिटिंगला प्रवेश नाकारला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 2022 मध्ये न्यायालयाने अशा मुलांना दार बंद करू नका असं बजावलं. लेखकांना आधी विचारलं असतं तर कोर्टाचा वेळ वाचला असता.

लिहायला बसलोच आहे तर आपल्या अंकाबद्दलही बोलतो. पावसाळ्यात आपण जिल्हावार पावसाचा नकाशा छापता. सरासरीइतका पाऊस हिरवा, तूट लाल. आमच्या जिल्ह्यात पाऊस बरा झाला की बोंब आहे, हे मला पैसे मोजून घेतलेला पेपर शेजाऱ्यांना दाखवून विचारावं लागतं. निवडणुकीच्या निकालाच्या पानाची तीच गत. लाल जिल्ह्यांवर तिरप्या रेघा मारा किंवा टक्केवारी आकड्यात छापा, शाई काही जास्त लागणार नाही. मागेही एकदा हे लिहून पाठवलं होतं. पत्र छापलंत, पण ‘जागेअभावी संक्षिप्त’ करताना नेमकी हीच सूचना गाळलीत आणि वर्तमानपत्राची स्तुती तेवढी ठेवलीत. या वेळी कात्री चालवायचीच असेल तर डाल्टनवर चालवा, हा परिच्छेद राहू द्या.

आपला,
एक वर्गणीदार वाचक, सातारा