आई-बाबा, घर घेतलंय

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं, आईला देतो" म्हणतात आणि आई पावसाचं सांगायला लागते, म्हणून शेवटी लिहितेय. पूर्ण वाचा, मधेच फोन लावू नका.

मागच्या रविवारी आम्ही इथे लेस्टरजवळच्या एका खेड्यात बाग बघायला गेलो होतो. आपल्या आमराईसारखी पब्लिक बाग नाही हं, चक्क कुणाच्यातरी घरामागची. नॅशनल गार्डन स्कीम म्हणून आहे इथे, लोक वर्षातून काही ठरलेल्या दिवशी स्वतःची बाग सगळ्यांना उघडतात, गेटला पिवळा बोर्ड, पाच-सहा पौंड तिकीट, आत चहा आणि घरी केलेला केक. पैसे नर्सिंग आणि हॉस्पिसवाल्या संस्थांना जातात. बाबा, तुमच्यासाठी आकडे आणलेत: १९२७ ला सुरू झालं, घरोघरी जाऊन पेशंट बघणाऱ्या नर्सेससाठी, माणशी एक शिलिंग, आणि पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडून ८ हजार पौंडांच्या वर जमले. २० शिलिंगचा एक पौंड, किती माणसं आली असतील ते काढा बसून.

आई, तू हवी होतीस गं. बाग आपल्या अंगण-परसाएवढीच, पण इंच सोडला नव्हता. निळे हायड्रेंजिया (त्या बाई म्हणाल्या माती आंबट असली की निळे, नाहीतर तेच झाड गुलाबी), भिंतीवर गुलाब, आणि काठ्यांवर चढवलेला स्वीट पी, वास असा की मी तिथेच उभी राहिले. ती फुलं रोज तोडावी लागतात म्हणे, नाही तोडली तर शेंगा धरतात आणि फुलायचं थांबतं. म्हणजे सकाळी परडी घेऊन फिरणारी बाई इथे फुकट जात नाही! गोगलगायी फार, त्यांच्यासाठी मातीत वाटी पुरून त्यात बिअर ओततात, वासाने येऊन पडतात आत. तुमचे जावई म्हणाले मरण असावं तर असं.

बाई पंच्याहत्तरीच्या तरी असतील, गुडघे आईसारखेच. म्हणून त्यांनी लाकडी फळ्या लावून कमरेएवढे उंच वाफे करून घेतलेत, वाकायचंच नाही, उभ्या-उभ्या खुरपायचं, आणि शेजारी एक खुर्ची कायम ठेवलेली. मी त्या वाफ्यांचे फोटो काढले, केकचे राहिलेच.

आता मुद्द्याचं. आम्ही घर घेतलंय. सह्या झाल्या, ऑक्टोबरमध्ये ताबा. मागे छोटी बाग आहे.

मला माहितीये आपलं काय ठरलं होतं. पण पिल्लूची शाळा इथे नीट बसलीये, भाड्यात जेवढे जातात त्यात थोडेच घातले की हप्ता निघतो, यांची नोकरी आता पक्की आहे, आणि तिकडे येऊन पुण्यात राहिलो असतो तरी सांगलीला किती येणं झालं असतं, तुम्हीच सांगा. दादाचं बघताय ना. म्हणजे दादाबद्दल तक्रार नाही माझी. आणि कायमचं इथेच असंही नाही, घर काय, विकताही येतं. बाबा, तुम्ही गप्प व्हाल हे माहितीये मला. लहानपणी मला ताप आला की असेच गप्प होऊन पायाशी बसायचात.

म्हणून पुढचं पण ठरवलंय. पुढच्या वर्षी मे अखेर तुम्ही दोघं इथे, सप्टेंबरपर्यंत. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहता येतं. पावसाळा तिकडे काढायचाच नाही. २०१९ च्या पुरानंतर दर जुलैला मी इथे बसून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघत असते, झोप लागत नाही. तुमची खोली खाली, बाथरूम खालीच, जिना नाही. बेलग्रेव्ह रोडवर मेथी, गवार, कढीपत्ता, हापूससुद्धा मिळतो. रात्री नऊपर्यंत उजेड असतो, बाबांचं फिरणं होईल. आणि वाफे मी आधीच करून ठेवते, कमरेएवढे. इकडे मोगरा घरात कुंडीत ठेवावा लागेल, पण ठेवू. पुरात तुझी सगळी झाडं गेली तेव्हा तू मला फोनवर फक्त "होतील परत" म्हणालीस, आणि केलीसही, पण आता त्या चिखलात पुन्हा उतरायचं नाही.

तोपर्यंत ऐका. पाणी ४० फुटांना गेलं की त्याच दिवशी मिरजेला मावशीकडे, ४५ ची वाट बघायची नाही, "मागच्या वेळी इथपर्यंत आलं नव्हतं" हे ऐकणार नाही मी. बीपीच्या गोळ्या आणि पासपोर्ट एका पिशवीत, पिशवी माळ्यावर नाही, दाराशी. आईने स्टुलावर चढून जास्वंदीच्या कळ्या काढायच्या नाहीत, खालच्या फांदीच्या देवाला चालतात. बाबा, पासपोर्टची तारीख बघून मला आजच फोटो पाठवा, रिन्यू करायला वेळ लागतो.

आणि आई, घराचं दादाला तू सांगू नकोस. मी सांगते.

तुमची,
बेबी