व्होन-रोमानेच्या ताई, तुमच्या कात्रीसाठी

ताई,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. हे पत्र तुमच्या हाती पडेल याचीही खात्री नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडेना.

आम्ही निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. ‘अभ्यास दौरा’ म्हणून पैसे मोजले, डिसेंबरात मणी फुगवणीला आलेली बाग भावावर टाकली आणि फ्रान्सला, तुमच्या बरगंडीत निघालो. दौरेवाल्यानं दाखवलं काय, तर अत्तराची दुकानं! तुमच्या गावाशी बस दहा मिनिटं थांबली. रोमाने-काँती या नावाजलेल्या बागेच्या दगडी क्रूसापुढे फोटो काढा आणि बसा गाडीत. पुढे एका तळघरात वाइन चाखायला नेलं, तर तिथल्या साहेबांनी आधी पेट्या किती घेणार ते विचारलं आणि मग आमच्या बुटांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी दिजाँ शहराच्या बाजारात गेली. मी एकटाच रेल्वेनं न्युई-सँ-जॉर्जला उतरलो आणि चालत तुमच्या गावात आलो. गाव केवढं, तर आमच्याकडची एखादी वस्ती. भोवती मात्र जिकडे बघावं तिकडे पिनो न्वार, तुमचं काळ्या द्राक्षाचं वाण. वेली जेमतेम कमरेएवढ्या, आणि दाटी किती! आमच्याकडे एकरी हजाराच्या आसपास झाडं, तुमच्याकडे चार हजारांच्या घरात. ठिबकची नळी कुठेच नाही. जगातल्या सगळ्यात महागड्या वाइनींपैकी एक देणारा तो रोमाने-काँतीचा तुकडा १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरही भरत नाही. आमच्या भावकीत एवढ्याचे तीन हिस्से झाले असते.

तुम्ही वाकून छाटणी करत होतात. शेजारी लोखंडी पिंप कापून केलेली ढकलगाडी, तिच्यात छाटलेल्या काड्या जळत होत्या. मी बांधावरच उभा राहिलो. आत यायची हिंमत नव्हती. २०१० साली याच शिवारात खंडणीसाठी कुणीतरी वेलींना विष घातलं होतं, हे मी वाचलेलं. तिथे परका माणूस वेलीजवळ रेंगाळला तर संशय येणारच, आणि त्यात गैरही नाही.

तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत. शेतकऱ्याचा हात शेतकऱ्याला कळतो, दुसरं काय. मग खिशातली जुनी कात्री काढलीत, पाती बाहीला पुसलीत, मूठ माझ्याकडे करून ती पुढे धरलीत आणि एका वेलीकडे बोट दाखवलंत. फळाची एक लांब काडी राखायची, खाली दोन डोळ्यांचा खुंटा ठेवायचा, बाकी सगळं काढायचं, हे सगळं बोटांनीच सांगितलंत. कोणती काडी राखायची ते मात्र माझ्यावर सोडलंत. त्या वेलीचं वर्षाचं पीक त्या एका काडीवर! आमच्याकडे एप्रिल छाटणी बिघडली तरी ऑक्टोबर छाटणीत थोडंफार सावरता येतं. तुमच्याकडे वर्षातून एकदाच, थंडीत. मी जाडजूड काडी सोडून मध्यम पेनाएवढी राखली. तुम्ही मान हलवून हसलात आणि पुढच्या वेलीकडे बोट केलंत.

नंतर कॉफी पाजलीत, व्हॅनमधून स्टेशनावर सोडलंत, त्याचेही आभार आहेतच. पण ती कात्री! दौऱ्याचे सगळे पैसे तिथे फिटले.

खरं सांगू, तेव्हापासून मला आमच्या बागेत छाटायला येणाऱ्या बाया आठवतायत. पेठ-सुरगाण्याहून टोळीनं येतात, त्यांच्या हाताला अख्ख्या पंचक्रोशीत तोड नाही. पण कोणती काडी राखू, हे त्यांना आम्ही कधी विचारत नाही. वर उभं राहून हुकूम सोडतो.

ऑक्टोबरात या, ताई. छाटणी ऐन भरात असते. ऊन कडक असतं, टोपी आणा. राहायचं आमच्या घरी. दुपारची भाकरी मात्र बागेतच, त्या बायांच्या पंगतीत बसून खावी लागेल. ठेचा त्या जपून वाढतील, असं मी आधीच बजावून ठेवतो.

तुमचा,
निफाडकडचा एक बागायतदार