वहिनी, बारकोड ओढून बसवू नका

लेस्टर, इंग्लंड

ती. वहिनींना सा. नमस्कार.

गटाच्या चटणीच्या पार्सलांवरच्या लेबलांचा फोटो दादाने पाठवला. स्कॅनर का अडतो ते लगेच दिसलं. बारकोडचं चित्र वर्डमध्ये घेऊन कोपऱ्याला धरून ओढलंय.

तुमचा प्रिंटर 203 डीपीआयचा, म्हणजे मिलिमीटरला 8 ठिपके. सगळ्यात बारीक रेघ पुऱ्या 2 नाहीतर पुऱ्या 3 ठिपक्यांची लागते. अडीच ठिपके त्याला छापताच येत नाहीत. चित्र ओढलं की तो एक रेघ 2 ची करतो, शेजारची 3 ची, आणि स्कॅनर तर जाडीच मोजतो. 3 ठिपके धरा, म्हणजे 0.375 मिमी. पोस्टाचा 13 अक्षरी क्रमांक (2 अक्षरं, 9 अंक, 2 अक्षरं) कोड 128 या बारकोडच्या प्रकारात सरळ छापला तर 178 घरं होतात (घर म्हणजे सगळ्यात बारीक रेघेएवढी जागा), आणि दोन्ही बाजूंना 10-10 घरं कोरी. एकूण 74.25 मिमी. तुमच्या 75 मिमीच्या रोलवर कागद केसभर सरकला तरी कोरी जागा गेलीच! म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दोन-दोन अंक एकाच चिन्हात बसवणारा ‘सी’ संच चालू करा. 156 घरांत भागतं, कोऱ्या जागेसकट 66 मिमी.

क्रमांक पोस्टाने दिलेल्या मालिकेतलाच घ्या. नववा अंक पडताळणीचा असतो. पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणा, बेरजेला 11 ने भागा, बाकी 11 मधून वजा करा. 12345678 ची बेरीज 204, बाकी 6, म्हणून अंक 5. उत्तर 10 आलं तर 0 लिहायचा, 11 आलं तर 5. इथेच लोक चुकतात.

आता तेल. थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई होणाऱ्या, कागदाला कारळाच्या चटणीचं बोट लागलं की छपाई फिकी पडते. वरून चिकटपट्टी लावली तरी तेच, शिवाय चकाकते. पाकीट कोरडं पुसून लेबल वर, उघडंच लावा. छपाईचा गडदपणा फार वाढवू नका, रेघा फुगून मधली फट बुजते. उभ्या रेघांमधून एकच पांढरी रेघ शेवटपर्यंत जात असेल तर प्रिंटरच्या छापणाऱ्या पट्टीवर, म्हणजे हेडवर, कचरा आहे. प्रिंटर बंद करून, हेड गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही राहिली तर तो ठिपका मेला समजा.

बारकोडात गिऱ्हाइकाचा पत्ता नसतो हं, नुसता क्रमांक. पिनकोड ठळकच हवा.

आधी दहाच लेबलं छापा आणि दादाला पोस्टात स्कॅन करून आणायला सांगा.

तुमचा धाकटा दीर