तहकूब ग्रामसभेलाही गणपूर्ती हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या १ मेला राज्यभर ग्रामसभा होतील. सभेची नोटीस सात दिवस आधी काढावी लागते, म्हणजे २४ एप्रिलपर्यंत ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर दिसली पाहिजे. २४ एप्रिल हा पंचायत राज दिन. १९९३ साली याच तारखेपासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. यंदाही त्या दिवशी सत्कार होतील, भाषणं होतील. त्याआधी आपल्या वृत्तपत्रातून एक मागणी मांडायची आहे. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली ग्रामसभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. ही सवलत सरकारनं रद्द करावी.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते. ग्रामसभेला गावातल्या एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा लहान असेल तेवढे मतदार हजर लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब करतात. नंतर तीच सभा पुन्हा बोलावली की किती माणसं आली याला काही महत्त्व उरत नाही. सरपंच, भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक, शिपाई आणि पारावरची चार माणसं एवढ्यांत गावाचा वर्षभराचा आराखडा मंजूर होतो. कागदावर मात्र 'ग्रामसभेने सर्वानुमते मंजूर केला' असंच उमटतं, आणि तो कागद पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत, पुढं मंत्रालयापर्यंत गावाचा शब्द म्हणून चालतो.

आमचं गाव बार्शी तालुक्यात आहे. मी घरी शिवणकाम करते आणि गावातल्या बचत गटांच्या वह्या लिहिते. आमच्याकडं वर्षानुवर्षं ग्रामसभेची वेळ सकाळी अकराची. त्या वेळेला बायका खुरपायला गेलेल्या असतात. सुट्टीचा दिवस नोकरदाराला, रोजावर जाणाऱ्या बाईला १ मे काय आणि २ ऑक्टोबर काय. अर्ध्या तासात 'गणपूर्तीअभावी तहकूब' असा शेरा पडायचा. पुढच्या सभेची दवंडी झालीच तर देवळापुढं व्हायची, माळावरच्या दोन वस्त्यांवर ती कधीच पोचायची नाही. मग हजेरीची वही घरोघर फिरायची. "वहिनी, इथं सही करा, घरकुलाच्या यादीचं आहे." सही करायची. कशावर केली, हे कुणी विचारायचं नाही.

हेच बचत गटात चालत नाही. आमच्या गटांना पंचसूत्री पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेब लेखन. बैठकीला उशिरा आलेल्या बाईचा दहा रुपये दंडसुद्धा वाचून दाखवल्याशिवाय वही मिटत नाही. ज्या बायका दहा रुपयांचा हिशेब मागतात त्या लाखांच्या हिशेबाला गप्प का बसतात, हा प्रश्न आमच्याच एका बैठकीत निघाला. गटातल्या एका मुलीनं मोबाईलवर ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर आमच्या पंचायतीचा खर्च उघडून दाखवला. आमच्या गल्लीच्या पाइपलाइनचं काम आराखड्यात होतं आणि त्याचं बिलही निघालेलं होतं. गल्लीत नळाला पाणी आलेलं नव्हतं.

आम्ही दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला आणि ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागितली. तीस दिवसांत काही आलं नाही. अपील केल्यावर नक्कल मिळाली. ठराव तहकूब सभेतला होता, आणि खाली हजेरीच्या यादीत माझ्या जावेच्या नावापुढं अंगठा होता. माझी जाऊ सातवी शिकलेली आहे आणि सही करते.

पुढच्या ग्रामसभेला गटागटानं ठरवून बायका आल्या. खुरपणीचा रोज बुडवून आल्या, हे मला इथं मुद्दाम लिहायचं आहे. सभामंडपात चटया अंथरून बसल्या. भाऊसाहेबांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली. "कोरम भरलाय भाऊसाहेब, आता मागचं प्रोसिडिंग वाचा," असं आमच्या एका आजींनी सांगितलं. नियमाप्रमाणं ते वाचायलाच लागतं, पण इतक्या वर्षांत आम्ही ते ऐकलेलं नव्हतं. पाइपलाइनच्या ठरावाशी आल्यावर जाऊ उठली. हातात नक्कल होती. "दादा, हा अंगठा कुणाचा?" एवढंच तिनं सरपंचांना विचारलं. चौकशी करतो, असं उत्तर मिळालं. तिथल्या तिथं ठराव झाला की कामाचं मोजमाप बायकांच्या समोर व्हावं. त्या उन्हाळ्याच्या आत गल्लीत पाणी आलं. अंगठा कुणाचा, याची चौकशी अजून झालेली नाही. दोघीतिघींच्या घरी निरोप गेले, "तुमच्या बायकांना आवरा," आणि त्यातल्या दोघींनी सभेला यायचं थांबवलं. त्या पुन्हा याव्यात म्हणून आम्ही त्यांच्या दारात जातोच आहोत.

लोकशाही सुधारायची म्हटलं की चर्चा निवडणूक यंत्रांची होते, पक्षांतराची होते, दिल्लीतल्या मोठ्या खटल्यांची होते. ती झालीच पाहिजे. पण नागरिकांची चळवळ उभी राहते ती कागदाच्या मागं लागण्यातून, हे या देशात आधी घडून गेलं आहे. राजस्थानात १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना सुरू झाली. दुष्काळी कामावर राबणाऱ्यांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती, आणि हजेरीपट दाखवायला कुणी तयार नव्हतं. १९९४ पासून त्यांनी जनसुनवाया घेतल्या. भर गावात बिलं आणि हजेरीपट मोठ्यानं वाचायचे आणि ज्यांची नावं त्यात आहेत त्यांनाच विचारायचं, हे काम तू केलंस का, हे पैसे तुला मिळाले का? १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं चाललं. घोषणा होती 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. पुढं २००५ चा माहितीचा अधिकार कायदा झाला त्याची मुळं या मजुरांच्या हजेरीपटात आहेत. महाराष्ट्रानंही अण्णा हजारे यांच्या उपोषणांनंतर आपला स्वतंत्र कायदा त्याआधीच केला होता.

इंग्रज गेले, पण दप्तर लोकांपासून झाकून ठेवायची त्यांची पद्धत गेली नाही. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा आजही रद्द झालेला नाही. कचेरीत गेलेल्या माणसाला 'काय काम आहे?' असं विचारण्याचा सूर तोच आहे. आमच्या सोलापूरनं मे १९३० मध्ये इंग्रजी अंमल झुगारून दिला, मार्शल लॉ सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चार हुतात्म्यांचं नाव आम्ही दरवर्षी घेतो. त्याच जिल्ह्यात खोट्या अंगठ्यांवर ठराव मंजूर होतात, याचा मला मनापासून संताप येतो.

मार्च २०२२ मध्ये सोलापूरसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं घटनेचं कलम २४३ ई सांगतं. तरी तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. इतका काळ निवडून दिलेला एकही सदस्य जिल्हा परिषदेत नव्हता, आणि गावागावांतून त्यासाठी मोर्चे निघाले नाहीत. ज्यांना ग्रामसभेतच कुणी विचारत नाही, त्यांना जिल्हा परिषद रिकामी असल्याचं का जाणवावं? म्हणून मी सुरुवात खालून करा म्हणते.

गावाच्या हाती जास्त सत्ता द्या म्हटलं की एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावगाड्याबद्दल कठोर शब्द वापरले. गाव म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयता, असं त्यांनी सुनावलं होतं. दवंडी न पोचणाऱ्या आमच्या माळावरच्या वस्त्या कुणाच्या आहेत हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच रिकामी सभा जास्त धोक्याची आहे. चार माणसांच्या तहकूब सभेत ती चार माणसं नेहमी त्याच चार घरांतली असतात. नुसती डोकी भरून जातीयता जाईल असं मी म्हणत नाही. पण शंभर माणसं आणायची तर वस्तीवर जावंच लागतं, आणि वस्तीवरची बाई भरसभेत बोलली की तिचं नाव इतिवृत्तात लिहावं लागतं.

भरलेली सभा काय करू शकते, याचं उत्तर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहान गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा देशभर गेली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. तिथं बहुमतानं निर्णय होत नाही. सर्वांचं एकमत होईपर्यंत विषय पुढच्या सभेवर जातो, आणि मधल्या काळात अभ्यासगट बसून कायदा वाचतो, आकडे तपासतो. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःचा बांबू विकायला वन खात्याचा वाहतूक परवाना लागत होता, तो देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं. केंद्रातल्या मंत्र्यांना त्या गावी जावं लागलं. आमच्याकडं जंगल नाही, बांबू नाही, पण अभ्यासगटाला जंगल लागत नाही. आमच्या गटातल्या पाचजणी आता दर पंधरवड्याला ग्रामपंचायत अधिनियम घेऊन बसतात. पहिल्यांदा कलम ७ वाचलं तेव्हा कळलं की नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. आमच्या गावात ती फक्त वहीत होत होती.

सरकारी बाजूनं अडचण सांगितली जाते ती मला मान्य आहे. एका ग्रामसेवकाकडं दोन-तीन गावं असतात. सभा वारंवार तहकूब झाली तर आराखडा रखडेल, वित्त आयोगाचा निधी पडून राहील. म्हणून मी तहकूब सभेला पूर्ण गणपूर्ती मागत नाही. निम्मी ठेवा, पण शून्य ठेवू नका. आणि ग्रामसभेची वेळ गावाला ठरवू द्या. ऊस, सोयाबीन, कांद्याच्या कामाला जाणाऱ्या गावात संध्याकाळी सातला सभा भरली तर निम्मी गणपूर्ती सहज होईल. ही गोष्ट नियमातली आहे, तिला घटनादुरुस्ती लागत नाही. ग्रामविकास खात्यानं मनावर घेतलं पाहिजे, आणि ते मनावर घ्यायला लावणं हे आपलं काम आहे.

शहरातल्या वाचकांनाही एक विचारायचं आहे. महापालिकांसाठी क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली. आपल्या प्रभागात ती कधी भरली का, हे आपल्या नगरसेवकांना विचारा. तुम्ही विचारलंत हे आणि त्यांनी दिलेलं उत्तर याच पानावर कळवलंत तर आम्हालाही बळ येईल.

१ मेच्या आधीच्या महिला सभेत आम्ही पुढचा ठराव मांडणार आहोत. ज्या गावांना पटेल त्यांनी तो जसाच्या तसा घ्यावा आणि नक्कल ग्रामविकास विभाग, मंत्रालय, मुंबई इथं पाठवावी:

'तहकूब ग्रामसभेस मूळ गणपूर्तीच्या किमान निम्मे मतदार उपस्थित असल्याशिवाय कोणताही आर्थिक ठराव मंजूर समजण्यात येऊ नये. मागील सभेचे इतिवृत्त व हजेरीची यादी सभेत वाचून दाखवावी आणि सात दिवसांत फलकावर लावावी. नोटीस प्रत्येक वाडी-वस्तीवर लावावी व दवंडी तेथेही द्यावी. सभेची वेळ ग्रामसभेने ठरवावी.'

आपली,
एक ग्रामसभा सदस्य
ता. बार्शी, जि. सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)