बाळाच्या बेंबीतल्या नळ्यांविषयी

रत्नागिरी

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर आईचं रडू थांबेना, म्हणून नीट लिहून पाठवतोय. बाबा, तिला वाचून दाखवा.

आई, फोटो बघून तू विचारलंस, "एवढ्याशा जिवाला बेंबीतच का टोचलं?" टोचलेलं नाही गं. नाळेला संवेदना नसते, तिच्यातून नळी सरकवताना बाळाला दुखत नाही. २९ आठवड्यांतच जन्मलेलं, ११०० ग्रॅमचं बाळ. हातापायाच्या शिरा केसासारख्या, सुई टिकतच नाही. नाळेत मात्र दोन धमन्या आणि एक मोठी शीर असते, आणि जन्मानंतर थोडे दिवस तिथून वाट मिळते. शिरेतल्या नळीतून सलाईन, पोषण, औषधं जातात. धमनीतल्या नळीमुळे रक्तदाब सतत दिसतो, तपासणीचं रक्तही न टोचता मिळतं.

धोके डॉक्टरांनी सही घेण्याआधीच सांगितले होते. नळीचं टोक कुठे आहे ते एक्स-रेत मणके मोजून बघतात. शिरेतली नळी आधी यकृताकडे वळली होती. तिथे औषध साचलं तर यकृताला इजा होते, म्हणून ती काढून दुसरी घातली. फार आत गेली तर हृदयाभोवती पाणी साठू शकतं, त्यामुळे पुन्हा एक्स-रे.

खरी भीती वाटली ती परवा. उजव्या पायाची बोटं निळी पडली. सिस्टर तासातासाला दोन्ही पाय बघतात म्हणूनच लगेच कळलं. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही. नळीमुळे पायाकडे जाणारी धमनी आकसली असेल किंवा गुठळी झाली असेल, असं डॉक्टर म्हणाले. दुसरा, चांगला पाय मुद्दाम कोमट फडक्यात गुंडाळला, म्हणजे त्या उबेने निळ्या पायातल्या धमन्याही सैल पडाव्यात; तरी रंग फिरेना, तेव्हा धमनीतली नळी काढूनच टाकली. रात्री बोटं गुलाबी झाली. पाय शाबूत आहे, बाबा.

शिरेतली नळीही लवकरच काढतील, कारण दिवस वाढले की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मग हातातून बारीक लांब नळी घालतील.

तुम्ही पाठवलेला अंगारा मेधाच्या उशाशी आहे, पेटीत काही नेऊ देत नाहीत. आणि आई, बाळ घरी आलं की बेंबीत हळद, तेल, राख काही नको. कोरडी ठेवायची, एवढंच. माझ्यासाठी ऐक.

रविवारी काचेतून बघता येईल. देवीपुढे गाऱ्हाणं घालून निघा आणि मेधासाठी अळिवाचे लाडू आणा. तिचं दूध थेंब थेंब करून बाळाला देतायत.

तुमचा,
बाळू