आईच्या डोळ्यांसाठी, न विचारता

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आधी तेच सांगते. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी दिवाळीनंतर ढकललं आहे. तुम्हाला न विचारता डॉक्टरांशी बोलले, हे चुकलंच. पण काल फोनवर आई तीनदा म्हणाली, "वाळू गेल्यासारखं खुपतंय गं," आणि मला रात्रभर झोप नाही. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या सहाव्या दिवशी रजा संपली म्हणून मी निघून आले, ते मनातून जात नाही.

आई, ऑपरेशन बिघडलेलं नाही. आत बसवलेलं कृत्रिम भिंग जागेवर आहे, नजर चांगली आहे, हे डॉक्टरांनी मला पुन्हा सांगितलं. भिंग बसवायला बुबुळाच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात, तेव्हा तिथल्या बारीक नसा कापल्या जातात. मग कोरडं पडल्याचं डोळ्याला नीट कळत नाही, पापणी कमी लवते. नसा हळूहळू भरून येतात. बहुतेकांचा त्रास तीनेक महिन्यांत निवतो. आणि बाबा, "इतकं पाणी गळतंय तर कोरडा कसा?" असं तुम्ही विचारलंत ना? खुपतं म्हणूनच डोळा भसाभसा पाणी सोडतो, पण ते डोळ्यावर टिकत नाही.

डाव्या डोळ्याची तारीख हलवली ती या कोरडेपणासाठीच. भिंगाचा नंबर बुबुळाच्या गोलाईच्या मापावरून काढतात, आणि डोळे कोरडे असताना घेतलेलं माप चुकू शकतं. ते भिंग आयुष्यभर डोळ्यात राहणार. थोडं थांबायला डॉक्टरांची काही हरकत नाही, मी दोनदा विचारून घेतलं.

लहानपणी माझ्या डोळ्यात कचरा गेला की तू पदराचा बोळा करायचीस, त्यात फुंकर घालून डोळ्यावर धरायचीस. तो ऊबदार पदर अजून आठवतो. पण आता तुझ्या डोळ्याला पदर लावायचा नाही हं. शेक घ्यायचा का, कधी घ्यायचा, ते डॉक्टर सांगतील.

बाबा, आता तुमच्याकडे कामं. पंखा आईच्या तोंडावर नको, तुमची खाट खिडकीकडे घ्या. ऑपरेशनचे थेंब सांगितल्याप्रमाणेच चालू राहू देत. कोरडेपणाचे थेंब त्यानंतर पाच मिनिटांनी. नवे थेंब बिनप्रिझर्वेटिव्हचे, म्हणजे टिकवायचं रसायन नसलेले, छोट्या नळ्यांतले आहेत. नळीत उरलं म्हणून आई दुसऱ्या दिवसासाठी ठेवेल, ठेवू देऊ नका. पैशांचा विचार करू नका, मी महिन्याचे घेऊन येतेय. शिंकांच्या गोळीनेही डोळे कोरडे पडतात; ती बंद करू नका, पण डॉक्टरांना दाखवा. मध, गुलाबपाणी, काजळ, कुणी काहीही सांगो, काही घालायचं नाही. डोळा दुखायला लागला, लाली वाढली किंवा अंधूक दिसलं तर माझ्या फोनची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आणि आई, यंदा चकल्या तळायला बसायचं नाही. धुरापाशी नकोच. फराळ मी इकडून आणते. तुझ्या हातचा नसेल, पण या एका वर्षी चालेल ना गं?

शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघते. पोथी सध्या वाचू नकोस, वाचताना पापणी आणखी कमी लवते. मी वाचेन, तू डोळे मिटून ऐक. कुठवर आली आहेस तिथे खूण घालून ठेव.

तुमची,
ताई